भोंगीच्या जातीचा रकाना

तुम्ही खोटं लिहिलंय.

तुमच्या क्लबच्या लेटरहेडवरचं, तुमच्या सहीचं पत्र माझ्यापुढं आहे. 'प्रदर्शकाने मांजराच्या जातीबाबत हेतुपुरस्सर खोटी माहिती देऊन आयोजक व परीक्षक यांची दिशाभूल केली आहे. सबब शॉर्टहेअर विभागातील प्रथम क्रमांक रद्द करण्यात येत असून रोझेट व प्रमाणपत्र पंधरा दिवसांत परत करावे.' प्रदर्शक म्हणजे माझी आई. कांताबाई, वय त्रेसष्ट, राहणार बोपोडी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी, एक मेमो नाही. तिच्या मांजरानं पहिला नंबर आणला आणि तो तुम्ही दोन ओळींत काढून घ्यायला निघालात.

पत्र आलं तेव्हा आई 'हेतुपुरस्सर' या शब्दाशी थांबली. चष्मा पुसून परत वाचलं. म्हणाली, "शुद्धलेखन बरोबर आहे. बाकी सगळं चूक."

तर काय चूक ते सांगतो. पहिल्यापासून सांगतो, कारण तुम्हाला शेवटचंच तेवढं माहीत आहे, आणि तेही सोयीचं.

आमच्या वस्तीत आईला फॉर्मवाल्या मावशी म्हणतात. नोकरीत होती तेव्हासुद्धा घरी येऊन चहाचा कप तोंडाला लावला की दारात कुणीतरी कागद घेऊन उभं. रेशनकार्ड, शिष्यवृत्ती, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, गॅस. ती स्वतः सातवी शिकलेली, पण फॉर्म भरण्यात बोपोडीपासून दापोडीपर्यंत तिचा हात धरणारं कुणी नाही. काळं बॉलपेन. खाडाखोड नाही. रकान्याबाहेर अक्षर नाही. बाकीचे रकाने ती दोनदा वाचून, विचारून भरते. एकच रकाना ती न वाचता भरते. 'जात' हा शब्द दिसला की पेन आपोआप चालतं: बौद्ध. तेही असं दाबून की खालच्या कागदावर उमटावं.

माझे आजोबा भंडाऱ्याकडचे. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि पुढं दोन वर्षांनी खडकीला कामाला आले. तेव्हापासून आमच्या घरात त्या रकान्यात तो एकच शब्द. कचेरीतले कारकून किती वेळा म्हणाले असतील, "अहो बाई, हे धर्माच्या रकान्यात लिहा. इथं पूर्वीची लिहा." आईचं उत्तर ठरलेलं. "पूर्वीची पूर्वी होती. मी आज आलेय."

आता भोंगी. आई रिटायर झाली त्याच आठवड्यात आमच्या पत्र्यावर एक मांजरीचं पिल्लू आलं. रंग कडक चहाचा, पोटाकडं दूध जास्त. डोळे पिवळे, आणि शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं, जन्मतःच. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायचा त्याच मिनिटाला ही पत्र्यावर उभी राहून ओरडायची, आणि दुपारी बारालाही. एवढ्याशा पोटातून एवढा आवाज कुठून काढायची कोण जाणे. आई सवयीनं दचकून उठायची, डबा भरायला जायची, मग आठवायचं की आपण रिटायर झालो. चार दिवस असं झाल्यावर तिनं त्या पिल्लाला आत घेतलं. "मला कामावर पाठवतेय तर निदान पगार तरी घेऊ दे तिला," असं म्हणून अर्धी वाटी दूध. नाव भोंगी.

मी हिंजवडीला कंपनीची बस चालवतो. माझ्या मागच्या पहिल्या सीटवर सृष्टी नावाची मुलगी बसते. सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर माणूस ड्रायव्हरशीसुद्धा बोलायला लागतो, तशी ती माझ्याशी बोलायची. तिच्याकडं पर्शियन बोका, नाव मफिन. त्याचे मोबाइलवरचे सगळे फोटो मी वाकडच्या चौकात उभ्या बसमध्ये पाहिलेत. मी तिला भोंगीचे दोन दाखवले.

जानेवारीत एक दिवस तिनं मला कागद दिला. "दादा, आमच्या क्लबचा कॅट शो आहे. या वर्षी फर्स्ट टाइम मराठीत फॉर्म काढलाय. ॲक्च्युली मीच ट्रान्सलेट केला. भोंगीला आणा ना, प्लीज!"

तो फॉर्म तुम्ही परत एकदा काढून बघा. माझ्याकडं कोरी प्रत आहे. ओळीनं रकाने असे: प्रदर्शकाचे नाव. पत्ता. दूरध्वनी. जात. मांजराचे नाव. वय. रंग. लसी. कुणाच्या नावाखाली कुणाची जात विचारलीय, तुम्हीच सांगा. इंग्रजीत 'ब्रीड' होतं, मुलीनं भाबडेपणानं 'जात' केलं, आणि तुम्ही न वाचता छापायला दिलं.

आईनं फॉर्म हातात घेतला. वरून खाली वाचला.

"मांजराच्या प्रदर्शनालासुद्धा जात विचारतात?"

"पुण्यात आहेस, आई."

"हं," म्हणाली आणि पेन उघडलं. दाबून लिहिलं. मी पाहिलं, मला काही वेगळं वाटलं नाही. तिच्या हाताखाली तो शब्द मी जन्मापासून बघतोय.

पुढचा सव्वा महिना आमच्या घरी लग्नघर होतं म्हणा ना. सृष्टीनं सांगितलं होतं की परीक्षक मांजराला टेबलावर उभं करतात, उचलून लांब ताणतात, कान बघतात, शेपटी चाचपतात. अनोळखी हात लागला की मांजर बिथरतं आणि नंबर जातो. यावर आईनं उपाय काढला. फॉर्म भरून घ्यायला जो येईल त्यानं आधी हात धुवायचे, भोंगीला उचलून टेबलावर ठेवायचं, कानात बघायचं, शेपटी टोकापर्यंत चाचपायची, मगच आई पेन उघडणार.

"मावशी, उद्या शेवटची तारीख आहे हो!" एक जण कळवळून म्हणाला.

"मग लवकर उचल. तशी नाही. पोटाखाली हात घाल. लग्नाचं पाकीट धरलंयस का?"

कॉलेजची पोरं आली, पेन्शनर आले, नळजोडणीवाले आले. एक पोस्टमन नुसतं रजिस्टर द्यायला आला होता, त्यालाही तिनं शेपटी चाचपायला लावली. महिन्याभरात साठ-सत्तर माणसांचे हात भोंगीवरून फिरले. सुरुवातीला तिनं चौघांना ओरबाडलं, त्यातला एक मी. मग तिलाच गंमत वाटायला लागली. दारात माणूस दिसला की स्वतःच टेबलावर उडी मारून उभी. येणाऱ्याच्या हातात कागद नसला तर निराश व्हायची.

शेजारच्या बायडाबाईचं ब्यूटी पार्लर आहे. आदल्या दिवशी तिथंच भोंगीची अंघोळ झाली. मी धरलं, आईनं साबण लावला, बायडाबाईनं ड्रायर चालवला. खुर्चीत मेंदी लावून बसलेली नवरी हसून हसून डोकं हलवत होती, बायडाबाई तिच्यावर ओरडत होती, भोंगी सगळ्यांवर. शेवटी नखं कापली. बायडाबाई म्हणाली, "कांताबाई, नेलपेंट लावू का? निळं आहे." आई म्हणाली, "नियमात बघावं लागेल." आणि खरोखर बघितलं. नव्हतं लिहिलेलं काही. तरी नको म्हणाली. पिंजऱ्याला पडदे लावायचे असतात असं कळलं, तर तिनं स्वतःची निळी साडी फाडून शिवले, झालर लावून.

शो मंगल कार्यालयात होता, कर्वे रस्त्यावर. गेलो तर दारावरच पाटी: 'अक्षता जमिनीवर टाकू नयेत. वाया गेलेल्या अन्नाचे पैसे पडतील.' वधूपक्षाच्या खोलीत आठ ड्रायर एकदम चालू, आणि आरशासमोर आठ पांढऱ्या मांजरी ओळीनं बसून केस विंचरून घेतायत. वरपक्षाच्या खोलीत बोके. मी आयुष्यात इतकी लग्नं पाहिली, पण वधूपक्षाची खोली इतकी शांत कधी पाहिली नाही. कुणी रुसलेलं नाही, कुणाचा ब्लाउज आला नाही म्हणून रडारड नाही.

दाराशी डॉक्टरांनी भोंगीचे कान, दात, लसीचं कार्ड तपासलं, नखं दाबून बघितली, "एकदम फर्स्ट क्लास," म्हणाले. पिंजरा क्रमांक सत्तेचाळीस. मुख्य हॉलमध्ये, दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली. आई खूश. मी मागच्या बाजूला चहा शोधायला गेलो तर जेवणाच्या हॉलबाहेर, भांडी घासायच्या जागेशेजारी एक छोटा मांडव. त्यात सहा-सात पिंजरे, उन्हातच. पाटी: 'गावठी विभाग'. एका बाईला विचारलं तर म्हणाली, "जातीचा रकाना मोकळा सोडला ना आम्ही. मोकळा सोडला की इकडं."

मी चहा तिथंच ठेवला आणि आत येऊन कॅटलॉग उघडला. सत्तेचाळीस. भोंगी. मादी. तीन वर्षे. त्यापुढं इंग्रजीत, जाड अक्षरात: बौद्ध.

माझ्या डोक्यात उजेड पडायला एक मिनिट लागलं. पडल्यावर मी जे हसायला लागलो ते समोरच्या पिंजऱ्यातला बोका घाबरून मागं सरकला.

तेवढ्यात शेजारच्या पिंजऱ्यापाशी आईचं बोलणं सुरू झालेलं. शेजारी आठल्येबाई, सदाशिव पेठेतल्या, सत्तरीच्या, बरोबर मॅक्स नावाचा निळसर राखाडी ब्रिटिश बोका. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कॅटलॉग वाचला आणि आईला विचारलं, "बौद्ध? नाव ऐकलं नाही हो. मूळ कुठलं?"

"नागपूर," आई म्हणाली.

"असं? नागपूरला कुणी करतं हे?"

"तिथंच सुरू झालं. छप्पन साली."

"छप्पन!" आठल्येबाईंच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे चांगली जुनी लाइन आहे. मला वाटलं, हल्लीचं काहीतरी."

"हल्लीचं कसलं. आमची तिसरी पिढी."

"तिसरी! आणि मध्ये कुठं मिक्स वगैरे झालं नाही?"

आईनं जरा विचार केला. "धाकट्या पुतण्यानं मागच्या वर्षी कोर्टात लग्न केलं, मुलगी दुसरीकडची आहे. पण चांगली आहे."

आठल्येबाईंनी चष्मा परत नाकावर घेतला. मग म्हणाल्या, "पेपर्स आहेत?"

"सगळे. व्हॅलिडिटीसुद्धा. दीड वर्ष हेलपाटे घातले त्याला."

"दीड वर्ष! अहो, आमच्या मॅक्सच्या पेपर्सना आठ महिने लागले तर मी त्या माणसाला फोनवर सोलून काढला होता." आणि मग त्या दोघी, दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांना, एकाच तालात वीस मिनिटं शिव्या घालत बसल्या. एवढी एकी मी पुण्यात पहिल्यांदा पाहिली.

मी आईला बाजूला घेतलं. "आई, तो रकाना मांजराच्या जातीचा होता."

तिनं कॅटलॉग वाचला. भोंगीकडं बघितलं. परत कॅटलॉग वाचला. मग तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसली. "सासरे असते तर," एवढंच म्हणाली आणि परत हसली. मग एकदम सरळ झाली. फॉर्मवाल्या मावशी झाली. "चुकीचं गेलंय. दुरुस्ती द्यायला पाहिजे. जा, त्या मुलीला सांग. आत्ता."

आता नीट वाचा, कारण तुमच्या पत्रात हे नाही.

मी सृष्टीला गाठलं. तिनं दोन्ही हात डोक्याला लावले. "शिट्! दादा, मीच टाइप केलं! बेंगाल, बर्मीज, बर्मन, बॉम्बे, सगळ्या ब्रीड्स ब वरूनच असतात, मला वाटलं ही पण एक!" ती माझ्यासमोर धावत तुमच्याकडं आली. मी चार पावलांवर उभा होतो. तुम्ही मांजरांचं खाद्य विकणाऱ्या स्पॉन्सरबरोबर फोटो काढत होता. सकाळचे अकरा वाजले होते, परीक्षण सुरू व्हायला पाऊण तास होता. सृष्टीनं तुम्हाला सांगितलं की सत्तेचाळीस नंबरची ब्रीड चुकीची छापलीय, ते साधं मांजर आहे. तुम्ही तिच्याकडं न बघता म्हणालात, "कॅटलॉग छापून झालाय. आता नको घोळ. जाऊ दे तसंच."

जाऊ दे तसंच. हे तुमचे शब्द. मी आईला जाऊन सांगितले. ती म्हणाली, "दुरुस्ती दिली, त्यांनी घेतली नाही. आता ते जाणोत." तिच्या लेखी विषय संपला. तिनं भोंगीचा पडदा नीट केला आणि पोळीचा डबा उघडला. अर्धी पोळी आठल्येबाईंना दिली.

परीक्षक बंगळूरच्या होत्या. उंच, राखाडी केस, पायात धावायचे बूट. परीक्षक प्रत्येक मांजराला टेबलावर घेत, बोलत, पिसानं खेळवत, मग टेबल पुसून पुढचं. शेजारी एक जाड पुस्तक. प्रत्येक जातीला त्यात एक पान. डोकं असं हवं, कान तसे हवेत, शेपटी एवढी. ते पान बघायचं आणि मांजर बघायचं. मालकानं बोलायचं नाही, हे आपलं म्हणायचं नाही. आई हात मागं बांधून खुर्चीवर बसली होती, कारखान्याच्या गेटवर झडतीला उभं राहावं तशी ताठ.

सत्तेचाळीस पुकारलं. सृष्टीच मदतनीस होती, तिनं भोंगीला नेऊन टेबलावर ठेवलं. परीक्षकबाईंनी पुस्तक उघडलं. 'ब' चाळलं. मागं गेल्या, पुढं आल्या. सृष्टीकडं बघितलं. सृष्टीला बोलायची बंदी होती की तिची वाचाच गेली होती, माहीत नाही, ती नुसती लाल झाली. बाईंनी आणखी एकदा चाळलं. मग पुस्तक मिटलं, बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "चलो, बिल्ली ही देख लेते हैं."

शॉर्टहेअर, म्हणजे आखूड केसांच्या, विभागातल्या बावीस जातिवंत मांजरांपैकी त्या दिवशी पुस्तक न बघता ज्याच्याकडं कुणी बघितलं असं ते एकच मांजर.

आणि भोंगी! साठ-सत्तर माणसांचे हात पचवलेली ती. समोर नवीन माणूस, म्हणजे फॉर्म आला असं समजून तिनं स्वतःच पुढचे पाय टेबलाच्या कडेला टेकून अंग ताणलं. बाई हसल्या. भोंगीनं कान दाखवले. पोटाखाली हात घातल्यावर हवेत लांबलचक झाली, एक गुरगुर नाही. बाईंचा हात शेपटीवरून गेला आणि टोकाशी थांबला. आकडा. परत चाचपला. मी डोळे मिटले, कारण सृष्टीनं सांगितलं होतं की वाकडी शेपटी म्हणजे मोठा दोष. बाईंनी तो आकडा बोटाला अडकवून बघितला, जसा छत्रीचा दांडा अडकवतात, आणि काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात बारा वाजले.

भोंगी टेबलाच्या मधोमध उभी राहिली, मान वर केली आणि तिनं भोंगा दिला. पूर्ण. खालच्या सुरातून वर चढत जाणारा, मग लांब. वधूपक्षातले ड्रायर बंद पडले. दोन पर्शियन टोपलीखाली गेले. मंगल कार्यालयाचा मॅनेजर बाहेर आला, त्याला वाटलं मुहूर्ताचा सायरन. आणि आई, एकतीस वर्षांच्या सवयीनं, खुर्चीवरून ताडकन उठून उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला इथं ओळख दाखवायची नाही. ती तशीच उभी, छताकडं बघत, जशी काही पंखा तपासायला उठली होती.

परीक्षकबाई टेबलाला धरून हसत होत्या. त्यांनी भोंगीला परत दिलं ते खांद्यावर घेऊन, पाठ थोपटत.

चार वाजता निकाल. शॉर्टहेअर विभाग, तिसरा, दुसरा. दुसरा मॅक्स. आठल्येबाई म्हणाल्या, "बरं." मग पहिला, सत्तेचाळीस. आई जागची हलेना. मी तिला म्हटलं, "जा की!" ती म्हणाली, "कुणाचं नाव घेतलं?" "भोंगीचं." "पूर्ण सांग." "कांताबाई यांची भोंगी, पहिली." मग ती गेली. रोझेट, म्हणजे ते फितीचं फूल, निळं होतं. बाईंनी माइकवर मोडक्या मराठीत, अर्ध्या हिंदीत सांगितलं की अशी निरोगी कातडी, असा स्वभाव, परक्या हाताला इतकी सरावलेली मांजर मी या वर्षी कुठल्या शहरात पाहिली नाही. त्यांनी जातीचं नाव घेतलं नाही. जातीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. तुम्ही शेजारी उभे होता. टाळ्या वाजवत होता. फोटोत आहात.

आठल्येबाई जाताना आईला म्हणाल्या, "पिल्लं झाली की मला सांगा. मी कुणाला फुकटात विचारत नाही, तुम्हाला विचारतेय."

आई म्हणाली, "तिचं ऑपरेशन झालंय. पण तुम्ही या, फॉर्म भरायचा असला तर."

त्या रात्री वस्तीत बेंजो लागला नाही एवढंच. बाकी सगळं झालं. बायडाबाईनं पार्लरच्या काचेवर रंगात लिहिलं, 'आमच्या येथे पहिला नंबर ड्रायिंग करून मिळेल.' ज्यांनी ज्यांनी भोंगीची शेपटी चाचपली होती ते सगळे आले, पोस्टमनसुद्धा, आणि प्रत्येकाचं म्हणणं, खरं ट्रेनिंग त्याचंच.

मग तीन दिवसांनी पेपरात फोटो आला. खाली ओळ: 'बौद्ध जातीच्या मांजरीला प्रथम क्रमांक.' आणि, सृष्टी सांगते, तुमच्या क्लबचे फोन वाजायला लागले. ही जात कुठं मिळते? पिल्लाचा भाव काय? एकानं म्हणे दोन पिल्लांचं बुकिंगच सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, "तुम्ही मांजरांत पण आरक्षण आणलंत का?" हा दुसरा फोन तुम्हाला झोंबला. पहिल्यासारख्या चाळीस फोनांवर तुम्ही गप्प होता. दुसरा आला आणि तुमचं पत्र निघालं.

आईनं पत्र फाइलला लावलं आणि मला घेऊन तुमच्या ऑफिसात आली. तिनं जे विचारलं ते तुम्हाला आठवत असेल, तरी लिहून ठेवतो.

"फॉर्ममध्ये काय चुकलं ते दाखवा."

"अहो बाई, जात म्हणजे मांजराची जात. मालकाची कोण विचारतंय?"

"माझ्या नावाखाली विचारलीय. मांजराचं नाव त्याच्या खाली आहे. बघा ना."

तुम्ही बघितलं. तुमचं तोंड उतरलं ते मी पाहिलं. मग तुम्ही म्हणालात, "बरं, समजा ती आमची चूक. पण ती मांजर आहे तर गावठीच ना? तिला काही जात नाही!"

"नाही ना?" आई एकदम खुशीत पुढं सरकली. "मग तेवढंच लिहून द्या. लेटरहेडवर. भोंगीला जात नाही, आणि ती पहिली आली."

"तसं कसं लिहून देता येईल?"

"का? दोन्ही खरं आहे."

तुम्ही घड्याळ बघितलं. म्हणालात, मीटिंग आहे. आई म्हणाली, आम्ही बसतो. तुम्ही म्हणालात, लांबेल. आई म्हणाली, दीड वर्ष बसायची सवय आहे. शेवटी तुम्ही म्हणालात, लेखी द्या, लेखी उत्तर देऊ.

हे लेखी. आठल्येबाईंनी स्वतःहून खाली सही केलीय, आणि सहीशेजारी लिहिलंय, 'दुसऱ्या क्रमांकाचे मालक. आमची तक्रार नाही. हरलो ते मांजरीशी हरलो. दिलेला नंबर परत मागायला हा काय लग्नातला आहेर आहे?' सृष्टीचं पत्र जोडलंय, त्यात अकरा वाजता तुम्हाला काय सांगितलं आणि तुम्ही काय म्हणालात ते आहे. ते लिहिलं तर तिचं क्लबचं सभासदत्व जाईल असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "जाऊ दे तसंच, दादा." आणि हसली.

परीक्षकबाईंना आईनं स्वतः कार्ड पाठवलं होतं. त्यांचं उत्तर आलंय, तेही जोडतोय. त्या लिहितात की त्यांची दिशाभूल कुणी केलेली नाही, पुस्तक त्यांनी स्वतः मिटलं.

तेव्हा आता तुमच्याकडं ना परीक्षकांची तक्रार आहे, ना हरलेल्याची. उरलात तुम्ही एकटे. रोझेट आमच्या भिंतीवर आहे आणि ते तिथून हलणार नाही. ते न्यायला यायचं असेल तर दुपारी बाराच्या आत या, आधी हात धुवा. पण आईला भिंतीवरच्या कापडाशी काही देणंघेणं नाही. तिला नोंद पाहिजे. तुमच्या रजिस्टरात, या वर्षीच्या पानावर, शॉर्टहेअर विभागासमोर पहिलं म्हणून कुणाचं नाव आहे?

भोंगीचं, की कुणाचंच नाही? एका शब्दात लिहा. सही करा, तारीख घाला. पंधरा दिवसांची मुदत तुम्ही आम्हाला दिलीत, तेवढीच तुम्हाला. उत्तर द्या.